सातव्या महिन्यातली पोर

जालना जिल्हा आणि मी एकाच वर्षातले. एक्याऐंशीच्या उन्हाळ्यात जालना औरंगाबादपासून वेगळा निघाला आणि त्याच साली नवरात्राच्या तोंडावर मी मायपासून वेगळी निघाले. फरक एवढाच, की जिल्हा व्हावा म्हणून लोक कितीतरी वर्षं वाट पाहत होते आणि माझी वाट पाहायला अजून कुणी लागलंच नव्हतं. कुंच्या-टोपड्यांचं कापड दुकानातच होतं, पाळणा मामाच्या माळवदावर धूळ खात पडला होता, डिंक आणायचा होता. मी सातव्या महिन्यातच हजर झाले.

पुढं शाळेत, कॉलेजात, अगदी लग्नाच्या बोलणीतही माझी ओळख ‘सातव्यातली’ हीच राहिली. मला त्याचं वाईट वाटलं नाही. कुणी पांगळं असतं, कुणी चकणं, कुणी सरपंचाचं असतं. मी सातव्यातली होते. माझी तक्रार एकच होती आणि ती जरा विचित्र आहे, म्हणून आधीच सांगून टाकते. माझी माय मला कधी रागावली नाही.

ऐकणाऱ्याला वाटतं, काय भाग्याची पोरगी. भाग्य कसलं आलंय. शेजारची मैत्रीण सांडलवंड करून लाटण्याचा मार खायची, रडायची आणि थोड्या वेळानं त्याच आईच्या मांडीवर डोकं ठेवून पडायची. मला तिचा हेवा वाटायचा. मी काहीही केलं तरी माय माझ्या पाठीवर हात ठेवायची आणि तिचं तोंड उतरायचं. कारण तिच्या हिशोबी माझा कुठलाच गुन्हा माझा नव्हता. सगळे गुन्हे तिचेच होते, आणि ते तिनं एका एसटीत बसून केले होते.

त्या एसटीची गोष्ट आमच्या घरी इतक्यांदा झाली, की ती मी पोटातून बघितल्यासारखी सांगू शकते. आमचं गाव अंबडच्या बाजूला आणि मायचं माहेर पिंपळगाव रेणुकाई, तिकडं भोकरदन तालुक्यात. म्हणजे जिल्ह्याच्या या टोकापासून त्या टोकाला. पहिलं बाळंतपण माहेरी, ही रीत. सातव्यात ओटी भरायची, मग माहेराहून भाऊ न्यायला येतो. आजीचं, म्हणजे वडिलांच्या आईचं म्हणणं होतं की दसरा झाला की जा. मायला जायचं होतं नवरात्रातच. रेणुकाईच्या देवळात नवरात्रात सगळ्या मैत्रिणी जमणार, लग्न झाल्यापासून भेट नाही. तिनं हट्ट धरला. धरला म्हणजे काय, तोंड पाडून बसली. तेव्हाच्या सुनांना हट्टाचा तेवढाच प्रकार परवडत होता. शेवटी आजी म्हणाली, जा बाई, जा एकदाची.

मामा न्यायला आला. मिसरूड फुटलेलं पोरगं ते, बाळंतपण हा शब्दसुद्धा त्याच्यापुढं कुणी मोठ्यानं उच्चारलेला नव्हता. सकाळची गाडी धरली. अंबड मागं पडलं तशी मायनं पुढच्या बाकाची दांडी धरली ती सोडलीच नाही. जालन्याच्या स्टँडवर गाडी लागली तेव्हा तिला उठता येईना. मामा ओटीचा नारळ आणि लाडवांची पिशवी छातीशी धरून नुसता उभा. मग स्टँडवरच्या चार अनोळखी बाया धावल्या, त्यांनी मामाला हाकललं टांगा आणायला आणि मायला जवळच्या एका डॉक्टरीणबाईकडं पोचवलं. दुपारी मी झाले. सासर नाही, माहेर नाही, मधेच. त्यामुळं माझ्यातली उणीव दुसऱ्या घरची, असं दोन्ही घरांना कायम सांगता आलं.

त्या डॉक्टरीणबाईंकडं एक लाकडी पेटी होती. वर काच, आत बल्ब. त्यात मला कापसात गुंडाळून ठेवलं. वीज गेली की गरम पाण्याच्या बाटल्या फडक्यात बांधून आजूबाजूला लावायच्या. दूध ड्रॉपरनं. मामाला काम दिलं होतं बल्बाकडं बघत बसायचं, आणि तो ते इतक्या मन लावून करायचा, की एकदा म्हणे बल्ब नीट चालू असताना ‘गेला, गेला’ म्हणून ओरडला. दवाखान्यातल्या सगळ्यांना वाटलं, मीच गेले.

दुसऱ्या दिवशी आजी आली. मुलगा का मुलगी हे तिनं नंतर विचारलं. आधी विचारलं, “सातवा का आठवा?” सातव्यातलं जगतं आणि आठव्यातलं जगत नाही, असं आमच्याकडं म्हणायचे, आणि डॉक्टरीणबाईंनी पोट मोजून, तारखा विचारून काहीतरी आठव्याच्या आसपास सांगितलं होतं. आजीनं ते तिथल्या तिथं खोडून काढलं. बोटं मोजली, अमावस्या मोजल्या, आणि म्हणाली, “सातवाच. मी सांगते ना.” डॉक्टरीणबाई हसल्या. मला वाटतं, आजीनं मला जगवायला केलेली ती पहिली गोष्ट.

पण त्याच आजीनं घरी आल्यावर निकाल देऊन टाकला: गाडीच्या धक्क्यानं झालं. माहेरची लई घाई हिला. हे ती दुष्टपणानं म्हणत नव्हती, गमतीनंच म्हणायची, आल्यागेल्याला चहासोबत सांगायची. मामा मात्र तो दोष आपल्याकडं ओढायला बघायचा. “मी मागचं बाक धरलं, चाकावरचं. तेच चुकलं. पुढं बसवायला पाह्यजे व्हतं.” माय त्याला तो दोष घेऊ द्यायची नाही. त्या एका बाबतीत ती फार कडक होती. धक्का तिचा होता आणि तो तिनं कुणाशी वाटून घेतला नाही.

आमच्या भागात साखर कारखाना सुरू झाला तसे वडील उसाच्या काट्यावर लागले आणि आम्ही अंकुशनगरला राहायला आलो. वडील दिवसभर गाड्या तोलायचे, भरलेल्या आणि रिकाम्या. माझं वजन वाढेना म्हणून माय रडकुंडीला यायची तेव्हा ते म्हणायचे, “टनाच्या खालचं मला कळत न्हाई. वाण्याकडं ने.” मग माय मला वाण्याकडं न्यायची, आणि वाणी एका पारड्यात मला आणि दुसऱ्यात गुळाच्या ढेपी ठेवायचा. गूळ बरेच दिवस जड भरला.

मी चालायला उशिरा लागले. बोलायला मात्र लवकर लागले आणि तेव्हापासून थांबले नाही. थंडीत छातीतून सूं सूं आवाज यायचा, पळालं की धाप लागायची. माय ओव्याची पुरचुंडी तव्यावर गरम करून छाती शेकायची आणि शेकताना तोंडातल्या तोंडात म्हणायची, “धक्का छातीत बसला.” चौथीत फळ्यावरचं दिसेना. जालन्याला डोळे तपासले आणि बाटलीच्या बुडासारखा चष्मा लागला. दुसऱ्या पोरींना चष्मा लागला तर त्यांच्या आया म्हणायच्या, टीव्हीला नाक लावून बसतेस, भाजी खात नाहीस, भोग आता. माझी माय परत येताना एवढंच म्हणाली, “धक्का डोळ्यात गेला बाई.” तो धक्का माझ्या अंगात कुठंकुठं फिरला, याचा मला आजही अचंबा वाटतो. गणितात नापास झाले तेव्हा तो डोक्यात गेला होता. त्या नापास होण्यात सातव्या महिन्याचा काडीचाही हात नव्हता. मी पुस्तक उघडलं नव्हतं. मी ते सांगूनही पाहिलं. तिनं पाठीवर हात ठेवला.

शाळेत नाव घालायचं तेव्हाची गंमत सांगायलाच हवी. तेव्हा जन्मतारखेला फारसं कुणी विचारत नसे. डोक्यावरून उजवा हात टाकायचा आणि डावा कान धरायचा. हात कानाला पोचला की पोरगं पहिलीत बसायच्या लायकीचं. माझा हात डोक्याच्या मध्यावर संपला. गुरुजी म्हणाले, पुढच्या वर्षी आणा. माय शरमेनं खाली बघत मला घरी घेऊन आली. वर्षभर मी भिंतीला टेकून तो हात ताणत बसायचे. दुसऱ्या वर्षी बोटं कानाच्या वर येऊन अडली, तशी मी मान तिरकी करून कान बोटाखाली आणला.

“मान सरळ ठेव,” गुरुजी म्हणाले.

“मग कान वर कुठून आणू?” मी म्हणाले.

गुरुजी हसले आणि नाव घातलं. मायला म्हणाले, “हात पोचला न्हाई तरी चालंल, पोरीचं डोकं बराबर चालू हाय.” दुसरी कुठलीही आई असती तर बाहेर आल्यावर तिनं मला मोठ्या माणसांना उलट बोलते म्हणून एक ठेवून दिली असती. माय म्हणाली, “दम लागला का गं?”

मी चिडकी आहे हे एव्हाना लक्षात आलंच असेल. लोक म्हणायचे, सातव्यातली म्हणून घाई, घाई म्हणून चिडचिड. असेलही. पण चिडणाऱ्या माणसाला समोर भिंत लागते. माझ्यासमोर कापूस होता. बुक्की मारावी तर हात आत जायचा.

सगळ्यात मोठं भांडण झालं ते जांब समर्थच्या सहलीवरून. ते काही आमच्यापासून लांब नाही. शाळेनं ट्रॅक्टरची ट्रॉली ठरवली होती, वर सतरंज्या टाकून पोरं न्यायची, देऊळ बघायचं, डबे खायचे, परत यायचं. माय नाही म्हणाली. धक्के सोसणार नाहीत. मी पाय आपटले, जेवले नाही, आणि शेवटी तोंडातून निघून गेलं, “तू बसलीस गाडीत, अन् मी काहून बसायचं न्हाई? मी काय केलं?”

वडील पेपर खाली करून माझ्याकडं बघायला लागले. आता मिळणार, असं मला वाटलं. खरं सांगायचं तर मी त्याची वाटच बघत होते. माय म्हणाली, “माझंच चुकलं बाई.” आणि आत जाऊन पीठ मळायला बसली. मी बाहेर उभी राहिले आणि भांडायला कुणी उरलं नव्हतं. दुसऱ्या दिवशी पोरींनी माझ्यासाठी देवळातला प्रसाद आणला. साखरफुटाणे होते. मी ते रागानं चावून खाल्ले.

ती स्वतःही कुठं जायची नाही. जिला माहेरची एवढी घाई होती ती अगदी टळणारच नसेल तेव्हा पिंपळगावला जायची, तेही एकटी, आणि दुसऱ्या दिवशी परत. नवरात्रात तर नाहीच. मैत्रिणींची नावं ती कधीमधी घ्यायची, तीही अशी, की जणू त्या वारल्यात.

दहावीनंतर कॉलेजसाठी अंबडला जाणं भाग होतं आणि अंबडला उडत जाता येत नाही. तिथं मी हटून बसले. शेवटी माय तयार झाली, पण रोज बरोबर एक घडी केलेली गोधडी द्यायची, बाकावर टाकून बसायला. कॉलेजात जाणारी मुलगी, डोळ्याला जाड चष्मा, उंची बेताची आणि काखेत गोधडी. फाट्यावरच्या चहावाल्याकडं मी ती ठेवून जायचे आणि येताना घ्यायचे. कॉलेज संपेपर्यंत त्याच्या म्हाताऱ्यानं दुपारची झोप त्याच गोधडीवर काढली.

लग्नासाठी बघायला आले तेव्हा कुणी न विचारता मायनं सगळं सांगून टाकलं. सातव्यातली हाय, डोळे असे, छाती अशी, थंडी सोसत न्हाई, समदं माझ्यामुळं. वडिलांनी कपाळावर हात मारला. होणाऱ्या सासूबाईंनी शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, “भाकरी येती का?” भाकरी येत होती. लग्न झालं. नवरा जालन्यात बियाण्याच्या दुकानात कामाला, स्वभावानं थंड. माझ्या तोंडाला लागत नाही, एवढा एक दोष सोडला तर माणूस चांगला आहे.

मग मला दिवस गेले. नवीन शतक तोवर चांगलं रुळलं होतं, घरोघरी फोन आले होते. सातवा जवळ आला तशी गल्लीतल्या बाया विचारायला लागल्या, माहेरी कधी? मी म्हणायचे, बघू. बघू काय, मायचा निरोप आधीच आला होता: येऊ नको. कुणाला न्यायला पाठवणार नाही. गाडीत बसायचं नाही. मीच येते.

मला ते फार लागलं. माहेरी जाऊन लोळावं, काही करू नये, हे पहिलटकरणीच्या हक्काचं असतं. माझं तेही त्या एसटीनं नेलं. फोनवर मी म्हणाले, “माय, तुझ्या वेळचे रस्ते न्हाईत आता.” ती म्हणाली, “धक्का तो धक्काच.” आणि मग अगदी हळू, “तुझ्या लेकराला मी करायची न्हाई ते.”

ती आली. एसटीनंच आली, गोधडी टाकून. दुसऱ्या दिवशी माझी तपासणी होती, तेव्हा दवाखान्यात बरोबर आली. या डॉक्टरीणबाई तरुण होत्या, भराभर बोलायच्या, भराभर लिहायच्या. माझा रक्तदाब बघितला, पुन्हा एकदा बघितला आणि म्हणाल्या, “थोडा वरच्या बाजूला आहे. तुमचा स्वतःचा जन्म पूर्ण दिवसांचा का?”

मी तोंड उघडायच्या आत माय खुर्चीतून उठून उभी राहिली. “न्हाई बाई. सातव्यातली हाय. माझ्यामुळं झालं.”

“तुमच्यामुळं म्हणजे?”

मायनं सांगितलं. नवरात्र, हट्ट, गाडी, दांडी, स्टँड, टांगा. मी छताकडं बघत होते. मला वाटलं, पेटीपर्यंत आली की संपेल. ती पेटीपर्यंत आली आणि थांबली. पदराचं टोक बोटाला गुंडाळत राहिली.

“अजून एक हाय,” ती म्हणाली. “ते मी कुनाला सांगितलं न्हाई.”

मी छताकडं बघायचं सोडलं.

“निघायच्या दिवशी पहाटं उठल्यापासूनच माझी कंबर धरून राह्यली व्हती. धरायची, सुटायची. पोट दगडावानी व्हायचं, मंग नरम पडायचं. भाकरी थापता थापता भिंतीला टेकून बसले. सासूला सांगितलं असतं तर तिनं बिलकुल जाऊ दिलं नसतं. म्हणून गप राह्यले. भावाला बी न्हाई सांगितलं. हसत हसत गाडीत बसले. लेकरू पोटात तडफडून राह्यलं, अन् मी मैत्रिणीकडं चालले व्हते.” तिनं माझ्याकडं बघितलं नाही. “म्हणून म्हणते, माझ्यामुळं.”

डॉक्टरीणबाईंनी पेन खाली ठेवलं. “मावशी, म्हणजे दुखायला लागलं ते गाडीत बसायच्या आधी.”

“हां. आधीच.”

“कळा होत्या त्या.”

“कळा व्हत्या का? पहिलटकरीण व्हते बाई, मला काय कळतं.”

“मी तिथं नव्हते, त्यामुळं छातीठोकपणे नाही सांगता येणार. बाळ लवकर का येतं ते पुष्कळ वेळा आम्हालाही सापडत नाही. पण जे दुखणं गाडीच्या आधी सुरू झालं ते गाडीनं कसं आणलं?”

मायनं बोटाला गुंडाळलेला पदर सोडला. डॉक्टरीणबाईंनी सहज विचारल्यासारखं विचारलं, “सासूबाईंना सांगून घरी थांबला असता, तर बाळंतपण कुठं झालं असतं?”

“घरीच की. सुईन व्हती गावात. चांगली व्हती.”

“आणि पेटी?”

“खेड्यात कुठली आली पेटी.”

हे बोलली आणि आपण काय बोललो ते तिचं तिलाच ऐकू आलं. ती खाली बसली. डॉक्टरीणबाई माझ्याकडं वळल्या. लवकर जन्मलेल्यांची छाती, डोळे, रक्तदाब यांच्याकडं जरा जास्त लक्ष द्यावं लागतं, म्हणाल्या, बहुतेक जण छान जगतात, पण थंडीतला खोकला अंगावर काढायचा नाही, दाब बघत राहायचा, आत्ताच नाही तर पुढंही. आणि कुठल्याही डॉक्टरकडं गेलात तरी आधी सांगायचं की मी लवकर जन्मलेली आहे. “यात कुणाची तक्रार नाही,” त्या म्हणाल्या, “ही फक्त माहिती आहे.” इतक्या वर्षांत त्या गोष्टीला माहिती म्हणणारं मला पहिलंच कुणी भेटलं होतं.

बाहेर लिंबाखाली बाक होता, तिथं बसलो. समोर रसवंतीचं घुंगरू वाजत होतं.

“म्हंजे मी सांगितलं असतं,” ती म्हणाली, “तर तू...”

“तर मी नसते, माय.”

मला वाटलं होतं, असं काही कधी कळलं तर मला आनंद होईल. आला तो राग. साऱ्या गावाला, पाहुण्यांना, माझ्या सासरच्यांना तिनं गोष्टीचा जो भाग सांगितला तो तिला गुन्हेगार ठरवणारा होता, आणि जो भाग सांगितला असता तर कुणीही शहाण्या माणसानं तिला सोडवलं असतं, तोच तिनं पदराखाली झाकून ठेवला. कारण तिला वाटत होतं की तोच सगळ्यात वाईट. तिची चोरी म्हणजे माझा जीव होता. हे मी तिला म्हणाले, नीट म्हणाले नाही, ओरडूनच म्हणाले, आणि रसवंतीवरची माणसं बघायला लागली. माय रडत होती. मीही रडले. रसवंतीवाल्यानं न मागता दोन ग्लास आणून ठेवले.

रस पिऊन झाल्यावर तिनं तोंड पुसलं. “सहलीला जायला पाह्यजे व्हतं तू,” ती म्हणाली.

मग माय परत गेली आणि पुढच्याच आठवड्यात तिनं पाठवलेला मामा न्यायला आला. डॉक्टरीणबाईंना विचारून घेतलं होतं: थोडे दिवस जा, आराम करा, बाळंतपणाला मात्र जालन्यातच या. मामा आता टकला झालेला, दोन पोरांचा बाप. त्यानं कंडक्टरशी भांडून मला अगदी पुढची जागा मिळवून दिली आणि अंबड येईपर्यंत ड्रायव्हरपाशी उभा राहून दर खड्ड्याला माझ्याकडं वळून बघत राहिला. ड्रायव्हर वैतागला, पण मी पोचले. बाळही पुढं पूर्ण दिवसांनीच झालं, तेव्हा त्याच्यासाठी कुणी जीव टांगणीला लावू नये.

अंकुशनगरच्या त्या क्वार्टरमध्ये मी चार दिवस नुसती लोळले. ओटी भरून झाली. उन्हाळा होता, मायनं शेजारणीला घेऊन माझ्यासाठी शेवया केल्या होत्या, अंगणात खाटेवर पांढऱ्या धोतरावर वाळत घातल्या होत्या. सकाळी अंग धुऊन मी माझं लुगडं पिळलं आणि वाळत घालायला बाहेर आले. दोरीवर जागा नव्हती. खाटेवर पांढरं धोतर दिसलं. त्यावर मी ते ओलं लुगडं चांगलं झटकून पसरलं.

माय दारात आली. हाताला पीठ. तिनं खाटेकडं बघितलं, मग माझ्याकडं. मामा ओसरीवर चहा पीत होता, त्याचा हात बशीवरच थांबला. मी सवयीनं पाठ वळवली, तिला हात ठेवायला सोपं जावं म्हणून.

“डोळे फुटलेत का गं तुझे?” माय म्हणाली.

मी वळले. जन्मात तिनं माझ्या डोळ्यांबद्दल असं काही म्हटलं नव्हतं. त्या चष्म्याकडं ती आजवर बघायचीसुद्धा चोरून.

“एवढी ढळढळीत शेवई दिसंना तुला? दोन दिवस झाले आम्ही दोघी कंबर मोडून करून राह्यलो, अन् ही आली टाकलं वल्लं लुगडं. लेकराची आई व्हायला निघालीस, जरा तरी बघून काम करावं माणसानं. ल्हानपणापासून तशीच. घागर फोडली, कपबश्या फोडल्या, गणिताचं पुस्तक काय उघडलं न्हाई कधी.” तिला दम लागला तशी ती थांबली, आणि मग पुन्हा सुरू झाली, “अन् गुरुजीला उलट बोललीस ते बी मला आठवतंय.”

शेजारीण कुंपणावरून बघायला लागली. मामानं बशी खाली ठेवली आणि आपली बहीण कोण आहे ते पहिल्यांदा दिसल्यासारखा तिच्याकडं बघत राहिला. मी तिथंच उभी होते, सहा-सात महिन्यांचं पोट घेऊन, आणि मला इतकं बरं कधी वाटलं नव्हतं. मी सगळं ऐकून घेतलं. मधे एक शब्द बोलले नाही, जे माझ्या स्वभावात नाही.

“हसतीस काय?” माय म्हणाली. “उचल ते जल्दी.”

मी लुगडं उचललं. निम्म्या शेवया त्यालाच चिकटून वर आल्या, आणि त्यावरून ती मला आणखी रागावली.